अतिवृष्टीचं अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर मराठवाडा आणि सोलापूर भागातून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सारखेच प्रश्न एकात घेतले, आणि जिथे उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेले निकष इथे धरले आहेत. एप्रिल 2026 नंतरच्या नुकसानीचे दर मात्र त्या वेळच्या शासन निर्णयातच बघा.

1. अतिवृष्टी अनुदान, पीकविमा आणि सरकारचं पॅकेज हे सगळं एकच का?

नाही. तिन्हींची वाट वेगळी आहे.

अनुदान येतं राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. त्यात आपल्याकडे केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25 टक्के असतात. कागदावर त्याचं नाव ‘निविष्ठा अनुदान’. म्हणजे पुढच्या पेरणीच्या बी-खताला हातभार. गेलेल्या पिकाची किंमत ते देत नाही आणि तसा दावाही करत नाही. त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही.

पीकविमा हप्ता भरलेल्यालाच मिळतो, आणि पैसे विमा कंपनी देते. खरीप 2023 पासूनची एक रुपयाची योजना खरीप 2025 ला बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्के हप्ता आहे. त्याच वेळी भरपाईही फक्त पीक कापणी प्रयोगातून (ठरावीक शेतांत पीक कापून केलेल्या मोजणीतून) निघणाऱ्या महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पन्नावर नेली. म्हणून ‘नुकसान 72 तासांत ॲपवर कळवलं होतं’ हा जुना मुद्दा खरीप 2025 च्या विम्याला लागत नाही, आणि विम्याचे पैसे सुगी उलटल्याशिवाय ठरतही नाहीत.

पॅकेज म्हणजे सरकारने त्या वर्षापुरती वर घातलेली भर. ती दरवर्षी मिळेल असं धरून चालू नका. अनुदान घेतलं म्हणून विमा बुडत नाही, आणि विमा मिळाला म्हणून अनुदान थांबत नाही.

2. आमच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पण मंडळाचा आकडा 48 मिमीच दाखवतो. मग आम्ही बसत नाही का?

24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. हा पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, तुमच्या बांधावर नाही. मंडळाच्या एका टोकाला यंत्र आणि दुसऱ्या टोकाला तुमची शेती, ही अडचण खरी आहे.

पण 65 मिमी हे एकच दार नाही. पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे. 2025 ला सीना नदीने माढा, मोहोळ, करमाळा, परंडा भागात जे केलं ते बरंचसं वरच्या पाण्याने केलं. नदीचं पाणी शेतात शिरलं असेल तर पंचनाम्यात कारण ‘पूर’ असं लिहून घ्या. गारपीटही केंद्राच्या यादीत आहे. अवेळी पाऊस आणि वीज पडणं राज्याने आपल्या यादीत घेतलं आहे. 2023 पासून ‘सततचा पाऊस’ हीही राज्याची आपत्ती आहे. त्यात रोजचा पाऊस 65 च्या खाली असला तरी ओळीने पाच दिवस 10 मिमी किंवा जास्त पाऊस आणि इतर कसोट्या बघतात. म्हणून ‘65 भरलं नाही’ एवढं ऐकून परत फिरू नका. इतर निकषांखाली मंडळ बसतं का, ते विचारा.

3. हेक्टरी किती मिळतं?

जिरायत पिकाला 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक फळबागेला 22,500. मर्यादा एका शेतकऱ्याला 2 हेक्टर. नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं (प्रश्न 7 बघा).

आपल्या हिशेबात सांगायचं तर जिरायतीला गुंठ्याला 85 रुपये. दोन एकर सोयाबीन पूर्ण गेलं तर 6,800. तेवढ्यात पुढच्या पेरणीचं बी-खतसुद्धा पुरं होत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. क्षेत्र अगदी कमी असेल तर किमान रक्कम ठरलेली आहे: जिरायतीला 1,000, बागायतीला 2,000, फळबागेला 2,500. म्हणजे 8 गुंठ्यांच्या जिरायतीला 680 नाही, 1,000.

बागायती दर हवा असेल तर सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का ते आधी बघा. विहिरीच्या पाण्यावरची कपाशी कागदावर जिरायत दिसली की रक्कम निम्मी होते, आणि यादी वर गेल्यावर ती दुरुस्त करणं जिकिरीचं होतं.

4. मग 18,500 रुपये हेक्टरी जाहीर झालं होतं ते कुठं गेलं?

तो ऑक्टोबर 2025 च्या पॅकेजचा आकडा. 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात नेहमीच्या दरावर रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी 10,000 जास्तीचे धरले आणि मर्यादा 3 हेक्टर केली. 8,500 अधिक 10,000 म्हणजे 18,500. त्याच हिशेबाने बागायतीला 27,000 आणि फळबागेला 32,500.

गोंधळ होतो तो पैसे एका दमात येत नाहीत म्हणून. नेहमीच्या दराची दोन हेक्टरपर्यंतची रक्कम वेगळ्या शासन निर्णयाने, तिसऱ्या हेक्टरची वेगळ्या आणि रब्बीचे 10,000 आणखी वेगळ्या. मोबाइलवर 8,500 च्या हिशेबाचा मेसेज आला म्हणून ‘कमी दिलं’ असं लगेच समजू नका. पासबुक भरून आणा, सगळ्या जमा नोंदींची बेरीज करा आणि मगच तक्रारीला जा.

5. मागे हेक्टरी 13,600 मिळाले होते. आता 8,500 कसे?

जानेवारी 2024 च्या निर्णयाने राज्याने स्वतःच्या तिजोरीतून दर वाढवले होते: जिरायत 13,600, बागायत 27,000, फळबाग 36,000, आणि तेही 3 हेक्टरपर्यंत. मे 2025 मध्ये नवा निर्णय काढून राज्य पुन्हा केंद्राच्या दरावर आणि 2 हेक्टरवर आलं. चार महिन्यांनी पूर आला, आणि पॅकेज काढावं लागलं. दर खाली आणायचे आणि मग ओरड झाली की वेगळ्या नावाने वर न्यायचे, यात शेतकऱ्याला आपल्या हक्काचा आकडा कधीच पाठ होत नाही.

6. अनुदानासाठी अर्ज कुठं करायचा?

अर्ज नसतो. पंचनामा होतो. गावात तिघं येतात: महसूलचा, कृषीचा आणि ग्रामपंचायतीचा माणूस. पूर्वीचे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. आता पदांची नावं ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, पण गावात जुन्या नावाने विचारलं तरी कुणी रागावत नाही. तिघं मिळून गटनिहाय नुकसान लिहितात. यादी तहसीलला, तिथून जिल्ह्याला आणि पुढे मंत्रालयात जाते, मग निधीचा शासन निर्णय निघतो.

तुमचं काम एवढंच: पंचनाम्याच्या दिवशी शेतावर हजर राहा आणि गट नंबर, पोटहिस्सा व पीक बरोबर लिहिलं जातंय ते बघा. गट 112/2 आणि 112/2/अ यातला तो ‘अ’ राहिला की पैसे भावाच्या खात्यावर जातात, आणि नंतर घरात जे होतं ते तहसीलदाराला निस्तरता येत नाही. तलाठी आलाच नाही तर साध्या कागदावर अर्ज लिहा, सातबारा आणि फोटो जोडा, तहसीलच्या आवकमध्ये द्या आणि पोच घ्या.

7. 33 टक्के नुकसान कशावरून ठरवतात?

पथकाच्या नजर अंदाजावरून. तिथे माप-तराजू नसतो. तुमच्या बाधित क्षेत्रातलं पीक किती हातचं गेलं हे बघतात. 2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती. त्या वर्षी ती 33 वर आणली.

बहुतेक वाद इथेच होतात. पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलंय, पण उभं आहे. पंचनाम्याच्या दिवशी ते 25 टक्के वाटतं, आठ दिवसांनी शेंगा कुजल्यावर 70 टक्के होतं. म्हणून शेंग फोडून आतलं काळं पडलेलं, मोड फुटलेलं दाणं दाखवा. कपाशीची सडलेली बोंडं दाखवा. झाड उपटून कुजलेली मुळी दाखवा. बांधावरून हिरवं दिसणारं रान आत शिरल्यावर कसं आहे ते पथकाला कळलं पाहिजे. नंतर नुकसान वाढलं तर फेरपंचनाम्याची मागणी लेखी करा. ती पीक शेतात असेपर्यंतच कामाची.

8. शेतात चिखल आहे. पंचनाम्याची वाट बघू की रान मोकळं करू?

रब्बीची पेरणी कुणासाठी थांबत नाही. तारीख आणि ठिकाण दिसेल अशा ॲपने भरपूर फोटो काढा. काही दुरून काढा म्हणजे ओळखीचं झाड, विहीर, विजेची डीपी दिसेल, काही जवळून. शेजारच्या दोन खातेदारांच्या सह्यांचा साधा कागद करून ठेवा. तलाठ्याला तसं व्हॉट्सॲपवर कळवा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. शक्य असेल तर दोन-चार सरी तशाच ठेवा.

9. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) केली नव्हती. नाव कटेल का?

अनुदानाचा मूळ आधार पंचनामा आहे. पण सातबाऱ्यावर पीक कोरं असेल, किंवा मागच्या वर्षीची तूर तशीच दिसत असेल आणि पंचनाम्यात सोयाबीन असेल, तर वरून शंका येते. पाहणीची मुदत संपली असेल तर तलाठ्याच्या लॉगिनमधून नोंद होते का ते विचारा. पुढच्या हंगामापासून मात्र ही आळस करायची गोष्ट नाही. शेतात उभं राहून फोटो काढायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ नंतर तहसीलच्या बाकड्यावर जातो.

10. व्हीके नंबर म्हणजे काय? तो कुठं मिळतो?

व्हीके म्हणजे विशिष्ट क्रमांक. यादी मंजूर झाली की प्रत्येक लाभार्थ्याला एक क्रमांक पडतो. ही यादी तलाठी, ग्रामपंचायत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात बघायला मिळते. क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रात जायचं. आधारवरून ओळख पटवण्याच्या या कामालाच ई-केवायसी म्हणतात. तिथे स्क्रीनवर गट, बाधित क्षेत्र आणि रक्कम दिसते. ती वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. माहिती चुकली असेल तर तिथेच अमान्य करून तक्रार टाकता येते आणि ती तहसीलदाराकडे जाते. एकदा मान्य करून अंगठा दिला की तुम्हीच ती रक्कम कबूल केली असं होतं.

म्हाताऱ्या माणसांचा, आणि कापूस वेचून बोटं झिजलेल्या बायकांचा अंगठा उठत नाही. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीने काम होतं. नसेल तर आधी आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. पावती जपून ठेवा. 

11. मी पुण्यात नोकरीला आहे, शेती लातूरला. गावीच यावं लागेल का?

केवायसीसाठी नाही, ती कुठल्याही सेवा केंद्रातून होते. पंचनाम्याला मात्र घरचं कुणीतरी शेतावर हवं.

12. फार्मर आयडी काढलाय. तरी ई-केवायसी करायची का?

2025 पासून आपत्तीच्या मदतीलाही ॲग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीतला ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, लागतो. खरीप 2025 च्या वाटपात ज्यांचा आयडी मंजूर होता त्यांना ई-केवायसीतून सूट दिली. यात ‘मंजूर’ हा शब्द महत्त्वाचा. नोंदणी केली, पावती मिळाली, पण मंजुरी प्रलंबित असेल तर जुनाच मार्ग, म्हणजे व्हीके नंबर.

आणखी एक अडचण वारंवार दिसते. आयडी काढताना एकाच गावचे गट जोडले आणि दुसऱ्या गावचं किंवा सासरकडून आलेलं क्षेत्र राहून गेलं. आयडी आहे, पण बाधित गट त्यात नाही. तो आधी जोडून घ्या. आणि दोन गावांत, दोन तालुक्यांत जमीन असली तरी हेक्टरची मर्यादा शेतकऱ्यामागे एकच असते, गावागणिक वेगळी नाही.

13. पोर्टलवर ‘जमा’ दिसतं, पण माझ्या खात्यात काहीच नाही.

हा पैसा खाते नंबरवर जात नाही. आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यावर जातो, आणि एकापेक्षा जास्त बँकांत आधार दिलं असेल तर शेवटी जोडलेल्या बँकेत. लोक जिल्हा बँकेत चकरा मारतात आणि पैसे पडलेले असतात मोबाइलवरून सहज उघडलेल्या कुठल्यातरी पेमेंट बँकेच्या खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघता येते. त्यात बँकेचं नाव येतं. पहिल्यांदा ते बघा, मग तहसील.

जोडणीच निष्क्रिय असेल तर रक्कम परत जाते. बँकेत आधार संलग्नीकरणाचा फॉर्म भरा आणि तलाठ्याला सांगा की पुन्हा पाठवा. सातबाऱ्यावर ‘दगडू’ आणि आधारवर ‘दगडूराव’ अशी तफावत असेल तर तीही याच वेळी उरकून घ्या.

14. बँकेने अनुदान पीककर्जात वळतं करून घेतलं. असं करता येतं का?

नाही. मदतीच्या रकमेतून कसलीही वसुली करू नये, ही अट मदतीच्या शासन निर्णयातच असते. शाखाधिकाऱ्याला त्या निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलदाराला आणि एक जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाला. तोंडी भांडण्यात अर्थ नाही. कागद गेला की होल्ड उठतो, असा अनुभव आहे. खातं एनपीए, म्हणजे थकीत, असलं तरी ही अट तीच.

15. सातबारा सामाईक आहे, आम्ही चौघं भाऊ. पैसे कुणाला?

एकतर प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे नोंद होते, नाहीतर बाकीच्यांच्या संमतीपत्रावर एकाच्या खात्यावर. एका भावाने सही द्यायला नकार दिला की सगळ्यांचे अडकतात. अशा वेळी वहिवाटीप्रमाणे हिस्से लावून यादी दुरुस्त करण्याची विनंती तहसीलदाराकडे करा. बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांचीही संमती लागते. हे कित्येक घरांत पहिल्यांदाच कळतं.

16. वडील वारले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे.

मयताच्या आधारवर पैसे जात नाहीत. वारस नोंद करून फेरफार मंजूर करून घ्या. 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम याचसाठी राज्यभर राबवली गेली. नोंद व्हायला वेळ असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती तलाठ्याला देऊन यादीत वारसाचं नाव लावण्याची मागणी करा. नंतर सामाईकाचा प्रश्न येतोच, त्यासाठी प्रश्न 15.

17. मी बटईने शेती करतो. बी माझं, कष्ट माझे. मला काय?

सरकारी यादीत तुम्ही नसता. पैसे सातबाऱ्यावरच्या खातेदाराला जातात. नुकसान तुमचं आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर. या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोठी फट आहे. मालकाशी बोलून ठेवणं आणि जमलं तर लेखी करणं, एवढंच हातात आहे. भाडेकरार नोंदणीकृत असेल तर पीकविमा मात्र तुमच्या नावावर उतरवता येतो.

18. जूनमध्ये एकदा अनुदान मिळालं. सप्टेंबरच्या पुरात तेच शेत पुन्हा गेलं. परत मिळेल?

शासन निर्णयातलं वाक्य असं असतं: एका हंगामात एक वेळेस. म्हणजे त्याच क्षेत्राला त्याच खरिपात दुसऱ्यांदा नाही, दुबार पेरणी केली असली तरी. पण जूनमध्ये एक गट गेला आणि सप्टेंबरमध्ये दुसरा, तर दुसऱ्या गटाचं नुकसान मर्यादेच्या आत बसतं का ते बघितलं जातं. ‘तुमचं आधीच झालंय’ असं सांगून नाव वगळलं असेल तर कोणत्या गटाचं झालंय, ते लेखी विचारा.

19. पीकच काय, जमीनच वाहून गेली. खडक उघडा पडला.

याचा पंचनामा वेगळा आणि दरही वेगळा. जमीन खरडून किंवा नदीने पात्र बदलल्याने गेली असेल तर हेक्टरी 47,000. गाळ किंवा वाळू तीन इंचांपेक्षा जास्त साचली असेल तर ती काढायला हेक्टरी 18,000. केंद्राच्या निकषात हे अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठीच आहे, म्हणजे एकूण धारणा 2 हेक्टरपर्यंत. 2025 च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची जोड दिली, पण ती कामाच्या रूपात. हातात रोख येणारी नाही.

पीक आणि जमीन दोन्ही गेलं असेल तर पंचनाम्यात दोन्ही लिहून घ्या. घाईत नुसतं ‘सोयाबीन 100 टक्के’ लिहिलं की जमिनीचा विषय तिथेच संपतो.

20. जनावरं वाहून गेली. धड सापडलंच नाही तर?

दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000, कोंबडीला 100 रुपये. निकषात मोठी दुभती तीनपर्यंतच धरतात. 2025 च्या पॅकेजमध्ये ही संख्येची मर्यादा उठवली होती.

मृत जनावर असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. कानातला बिल्ला काढून जवळ ठेवा. 2024 पासून बिल्ल्याशिवाय भरपाईला अडचण येते. धड सापडलं नसेल तर बिल्ल्याची ऑनलाइन नोंद, दूध डेअरीचं कार्ड आणि गावातल्या लोकांचे जबाब यावर पंचनामा उभा करावा लागतो. पुराच्या दुसऱ्याच दिवशी कळवा. महिन्याने सांगितलेलं वाहून गेलेलं जनावर कुणी मान्य करत नाही.

21. विहीर बुजली, मोटर गेली, ठिबकच्या नळ्या गेल्या, काढून ठेवलेल्या सोयाबीनची गंजी भिजली. यातलं काय बसतं?

विहिरीला 2025 च्या पॅकेजपुरते 30,000 होते. मोटर, पाइप, ठिबक यांना निकषात जागा नाही. गोठा पडला तर 3,000. पिकाचं अनुदान पेरणीखालच्या क्षेत्राचं असतं, त्यामुळे घरी आणलेला माल त्यात येत नाही. गंजी शेतातच असेल तर पंचनाम्यात तसं लिहायला सांगा. पथक लिहील की नाही, हे बरंचसं पथकावर आहे.

22. शेजाऱ्याला 17,000 आणि मला 3,400. तक्रार कुठं?

आधी हे पाहा की फरक क्षेत्राचा आहे, जिरायत-बागायतीचा आहे (प्रश्न 3) की टप्प्याटप्प्याने येणाऱ्या पैशांचा (प्रश्न 4). 3,400 म्हणजे बरोबर एक एकर जिरायत. तुमचं दोन एकर बाधित असेल तर पंचनाम्यात 40 आर (साधारण 40 गुंठे) कमी लिहिले गेले आहेत. तहसीलमधून पंचनाम्याची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात मिळते. प्रत हातात आल्यावर तहसीलदाराकडे लेखी दुरुस्ती, नाही झाली तर उपविभागीय अधिकारी, आणि त्याबरोबरच आपले सरकार पोर्टलवर तक्रार. ‘अन्याय झाला’ एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. गट नंबर, आर आणि रक्कम लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.